माळावर चालायचं जाकीट

माझ्या डाव्या खांद्याच्या थोडं खाली, कातडीच्या आत, काड्यापेटीएवढी एक डबी बसवलेली आहे. पेसमेकर. ती बसवली त्या हिवाळ्यात मी मराठवाड्यातल्या माळांवर पक्षी बघायला जाणार होते. तिकिटंसुद्धा काढून झाली होती. ती रद्द केली आणि रत्नागिरीच्या घरात खिडकीशी बसून नारळावरचे कावळे बघत हिवाळा घालवला. पुढच्या पावसाळ्यानंतर डॉक्टर म्हणाले, "चाला की हवं तेवढं. फक्त त्या डबीवर पट्टा-बिट्टा घासू देऊ नका."

गंमत अशी की पक्षी बघणाऱ्या माणसाच्या अंगावर सगळे पट्टेच असतात. दुर्बिणीचा, झोळीचा, पाण्याच्या बाटलीचा. माझ्या मुलानं, निनादनं, यावर उपाय म्हणून एक परदेशी जाकीट मागवलं. "आई, हे तिकडच्या शिकाऱ्यांचं आहे," तो म्हणाला. "माळावर तितर, लावे मारत हिंडतात ना, त्यांचं. पण खिसे बघ." खिसे खरंच सुरेख होते. पुढं चार, आत दोन आणि पाठीवर एक मोठी पिशवी. मारलेले पक्षी टाकायची. मी तिच्यात डबा आणि छत्री ठेवायची ठरवली. जाकीट घालून आमच्या घरामागची घाटी चढले आणि वळणापर्यंत पोहोचायच्या आत खाली बसले. जाकिटाचं सगळं ओझं दोन रुंद पट्ट्यांवर येत होतं, आणि त्यातला डावा पट्टा बरोबर डबीवर.

त्या दिवशी मला दुखण्यापेक्षा भीती जास्त वाटली. आता आपलं चालणं बाजारापर्यंतच, असं मनात येऊन गेलं. रात्री नसीमला फोन केला. नसीम माझी कॉलेजच्या होस्टेलमधली मैत्रीण. लग्नानंतर ती नांदेडला गेली, तिथल्या शाळेत शिकवून निवृत्त झाली. तिचे यजमान युसूफभाई कोट, शेरवान्या आणि जाकिटं शिवतात. सगळं ऐकून ती म्हणाली, "ते जाकीट घेऊन ये इकडं. हे बघतील. आणि येळवस हाय पुढच्या आठवड्यात, किल्लारीला जाऊ आपण. तुझे पक्षीबी तितंच हायत."

नांदेड

नांदेडच्या इतवारा भागातल्या त्यांच्या घरी पहिल्या सकाळी खिचडी खाल्ली. आमच्याकडे खिचडी म्हणजे तापातलं जेवण, वर तुपाची धार आणि बाजूला लिंबाचं लोणचं. इथं ती पाहुण्याला नाश्त्याला देतात: मसुराच्या डाळीची पिवळी मोकळी खिचडी, तिच्यावर कीमा, आणि सोबत वाटीत चिंच-तिळाचा पातळ खट्टा. मी दुसऱ्यांदा वाटी पुढं केली तेव्हा नसीम म्हणाली, "डबी बसवली म्हणून भूक कमी झाली न्हाई तर तुझी."

दुकान घराच्या खालीच. लग्नसराईचे दिवस, त्यामुळं खुंट्यांवर शेरवान्या ओळीनं लटकलेल्या. युसूफभाईंनी माझं जाकीट उलटं करून टेबलावर पसरलं, शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "शिलाई लई पक्की हाय. पण दीदी, हे सहा फुटी माणसाचं हाय. तुम्ही त्यात फिरून राहिल्या का ते तुम्हाला फिरवून राहिलं?"

माप नसीमनं घेतलं. ती टेप धरून आकडे सांगायची आणि ते पाठमोरे बसून लिहून घ्यायचे. डबीची जागा दाखवायची वेळ आली तेव्हा नसीमनं माझा एक जुना ब्लाउज घेतला, त्याच्यावर खडूनं चौकोन काढला आणि तो त्यांच्यासमोर ठेवला. युसूफभाईंनी त्या चौकोनाची लांबी-रुंदी मोजून लिहून घेतली. मग विचारलं, "दुखतं का अजून?"

"दुखत नाही. पण विसरत पण नाही," मी म्हणाले.

त्यांनी आधी डाव्या पट्ट्याखाली जाड फोम घातला. मला वाटलं झालं काम. जाकीट अंगात घातलं तर फोमचा उंचवटाच डबीवर दाबू लागला, आधीपेक्षा जोरात. मी तोंड वाकडं केलं नव्हतं, पण त्यांनी आरशात बघितलं आणि जाकीट काढून घेतलं. संध्याकाळपर्यंत डावा पट्टा मुळापासून उसवला होता आणि सगळं ओझं उजव्या खांद्यावरून तिरप्या पट्ट्यानं खाली नेलं होतं. डावा खांदा अगदी मोकळा. मला ते इतकं बरं वाटलं की मी त्यांना तिथंच शाबासकी देऊन टाकली. ती घाई झाली.

अर्धापूर

दुसऱ्या दिवशी जाकिटाची परीक्षा घ्यायची म्हणून नसीम मला अर्धापूरला घेऊन गेली. तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या सासरची केळीची बाग तिथं आहे. आमच्याकडे केळ म्हणजे परसातली चार झाडं, सांडपाण्यावर वाढलेली. इथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसेल तिथवर केळीच केळी, आणि आत शिरलं की हिरवा अंधार. त्या गारव्यात शिंपी पक्षी बोलत होते आणि कुठंतरी भारद्वाज घुमत होता.

बागेचे मालक, त्या मुलीचे सासरे, धावतच आले. त्यांनी आम्हाला आधी कधी पाहिलं नव्हतं. माझं जाकीट, खिसे, गळ्यातली दुर्बीण बघून ते हात जोडून म्हणाले, "मॅडम, मागच्या वाऱ्यानं पडली ती झाडं त्या अंगाला हायत. चला, दाखवतो."

मी पीकविम्याची नाही हे त्यांना पटायला वेळ लागला. नसीमनं खूप समजावलं. शेवटी ते म्हणाले, "म्हंजे नुसतं पाखरं बघायला आल्या? रत्नागिरीहून?" आणि त्यांनी खाट टाकली, पाणी आणलं, झाडावर पिकलेली केळी आणली. कुणाची कोण, कशाला आलात, हे सगळं त्यांनी नंतर विचारलं. आमच्या गावी आधी ओटीवरच सगळी चौकशी होते आणि ती पार पडली तर पाणी मिळतं. हे मी माझ्या गावच्या लोकांसमोर म्हणणार नाही, पण इथं लिहायला हरकत नाही.

जाकिटाचा दोष परत निघताना कळला. सगळं ओझं एका बाजूला, त्यामुळं मी उजवीकडं कलून चालत होते. पडलेल्या घडावरून पाय टाकायला वाकले, तर तिरपा पट्टा गळ्याकडं सरकला, पिशवी पोटावर आली आणि दुर्बीण, बाटली, पक्ष्यांचं पुस्तक असं सगळं एकामागून एक ठिबकच्या नळीवर सांडलं. सावरायला मी केळीचा कापलेला दांडा धरला. त्याचा चीक जाकिटावर ओघळला. मालकांनी ते बघून मान हलवली. "हा डाग आता जायचा न्हाई, ताई. कापड फाटंल, पण डाग ऱ्हाईल."

दुकानात परतले तेव्हा युसूफभाई एका नवरदेवाला शेरवानी घालून बघत होते. त्यांनी माझ्याकडं, मग डागाकडं बघितलं. नवरदेव गेल्यावर ते जरा चिडूनच म्हणाले, "उजव्यावर चालत न्हाई, डाव्यावर चालत न्हाई. मंग जाकीट लटकवायचं कशाला? माणसाला खांदे दोनच दिलेत."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते जाकिटासाठी नव्हतं. नसीम त्यांना दखनीत काहीतरी बोलली. त्यांनी चहा मागवला आणि चहा पिता पिता म्हणाले, "माफ करा दीदी. जाकीट सोबत घेऊ. सुई-दोराबी घेतो मी. तितं बघू."

किल्लारीकडे

नांदेडहून लातूर बसनं, आणि लातूरहून औशामार्गे जीपनं. येळवसेचा दिवस म्हणजे गावंच्या गावं रिकामी. मार्गशीर्षातली ही अमावास्या, शेतात जाऊन पूजा करायची आणि तिथंच जेवायची. आमच्याकडे तिचं नावही कुणाला ठाऊक नाही. इथं मात्र लातुरातली दुकानंसुद्धा बंद, आणि माणसं डोक्यावर पाट्या, हातात आंबिलीचे मटके घेऊन शेताकडं चाललेली. जीपमध्ये माझ्या मांडीवर कुणाचं तरी भाजीचं भगुणं होतं. कुणाचं ते मला उतरेपर्यंत कळलं नाही.

दत्तराव हे युसूफभाईंचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या लग्नाचा कोट युसूफभाईंनी शिवला, तेव्हापासून दर येळवसेला हे नवरा-बायको त्यांच्या शेतात जेवायला असतात. ज्वारीच्या रानात कडब्याची खोपी केली होती, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडले होते आणि त्यांच्यावर शाल पांघरली होती. पूजा झाल्यावर आम्ही ओळीनं खाली बसलो. भज्जी म्हणजे काय हे मला तोवर माहीत नव्हतं. तूर, वाटाणा, हरभरा, पावटा, मेथी, गाजर, जे जे शेतात आहे ते सगळं ताकात आणि बेसनात एकत्र शिजवलेलं. सोबत बाजरीचे वाफवलेले उंडे, तिळाची भाकरी, गव्हाची खीर, आणि मटक्यातली गार आंबील. रस्त्यानं जाणाऱ्या एका परक्या माणसालाही दत्तरावांनी हात धरून बसवलं. दत्तरावांच्या पत्नी, संगीताताई, वाढताना एवढंच म्हणत होत्या, "घ्या की. अजून काय घेतलंच न्हाई तुम्ही."

माझ्या शेजारी दत्तरावांचे वडील बसले होते. सगळे त्यांना आबा म्हणत. सडपातळ, ताठ, गुडघे मात्र गेलेले. जेवताना त्यांची नजर खोपीला टांगलेल्या माझ्या जाकिटावर होती. हात धुतल्यावर ते म्हणाले, "शिकारीचं हाय ते. कुणाचं?"

"माझंच. पण मी मारत नाही आबा, नुसती बघते."

"मारायचं आता कुणालाच न्हाई. कायदा हाय." थोडं थांबून ते म्हणाले, "मी मारायचो. कायदा व्हायच्या आदी. तितर, लावे, पखुर्ड्या. माझंबी होतं एक, खाकी. हैदराबादेहून आणलेलं. ते जुन्या घरात गेलं."

जुनं घर म्हणजे त्र्याण्णवच्या भूकंपात पडलेलं घर. संगीताताईंनी त्यांच्या पेल्यात आंबील ओतली.

मी त्यांना माझी अडचण सांगितली. आबांनी नीट ऐकून घेतलं आणि हसले. "आगं, शिकाऱ्याच्या खांद्यावर ओझं असतंच कुठं? तितं बंदूक टेकवायची असती. काडतुसं, पाणी, मारलेलं पाखरू, सगळं कमरंला. एक धोतर कमरंला गुंडाळ, त्याच्यात सगळं बांध, झालं. जाकीट-फिकीट पायजे कशाला?"

तिथंच करून बघितलं. संगीताताईंनी जुनं धोतर दिलं, नसीमनं ते माझ्या कमरेला करकचून बांधलं. उभी होते तोवर छान. दुर्बिणीतून चंडोल बघायला खाली बसले आणि सगळं गाठोडं घसरून मांड्यांवर आलं. उठताना ते पायात अडकलं. आबा म्हणाले, "आमी बसत नव्हतो. उभ्यानंच मारायचो." सगळे हसले. आबाही हसले.

मग मला सुचलं ते मी युसूफभाईंना सांगितलं. ओझं कमरेलाच असू दे, पण ते घसरू नये एवढ्यापुरतंच वरून काहीतरी धरून ठेवायला हवं. खांद्याचं काम ओझं वाहण्याचं नकोच. युसूफभाई सरसावून बसले. त्यांनी दत्तरावांना विचारलं, "खाटंची नवार हाय का घरात?" रुंद सुती पट्टी आली. बाभळीच्या सावलीत बसून त्यांनी जाकिटाचे सगळे खिसे आणि पाठीची पिशवी कापून वेगळी केली, ती नवारीच्या दुहेरी पट्ट्यावर बसवली आणि पुढं बक्कल लावलं. वरच्या भागाला संगीताताईंचं मऊ जुनं लुगडं वापरलं, डाव्या बगलेचा घेर पार खाली कोरला. नसीम दोरा ओवून देत होती. मी हुरडा भाजला. कणसं करपवली म्हणून दत्तरावांनी ते काम माझ्याकडून काढून घेतलं.

दिवस कलला तेव्हा जाकीट झालं. दिसायला ते अगदी विचित्र होतं. खाली परदेशी खाकी, मध्ये खाटेची नवार, वर फिकट जांभळं लुगडं आणि बाजूला केळीचा डाग. मी ते घालून बांधावरून एक फेरी मारली. ओझं कमरेवर बसलं होतं, जसं लहान मूल कडेवर बसतं तसं. युसूफभाईंनी विचारलं, "कसं?"

"काही लागत नाही," मी म्हणाले.

"मंग ठीक हाय," ते म्हणाले आणि सुई टोपीत खोचून टाकली.

माळ

मुक्काम भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात, दत्तरावांच्या घरी होता. तिथली घरं सरळ रेषेत, रस्ते रुंद, आणि घरांची दारं एकमेकांपासून जरा दूर. सकाळी उजाडताना मी आणि नसीम निघालो तर आबा काठी घेऊन अंगणात उभे. दत्तराव म्हणाले, "आबा, गुडघे."

"गुडघे घेऊनच चाललोय," आबा म्हणाले.

गावापासून थोडं दूर काळी माती संपते आणि खडकाळ माळ लागतो. कुसळी गवत, बोरीची झुडपं, मधूनच एखादं बाभळीचं झाड. कोकणातल्या माणसाला एवढं आभाळ एकदम बघायची सवय नसते. आमच्याकडे आभाळ झाडांच्या फटीतून मिळतं. इथं ते पायापासून सुरू होत होतं. आबांच्या गुडघ्यांमुळं आम्ही हळू चाललो होतो, ते माझ्याही सोयीचं होतं. धाविक पक्ष्यांची जोडी समोरून पळाली, थांबली, पुन्हा पळाली. नसीमनं आयुष्यात पहिल्यांदा दुर्बिणीतून बघितलं आणि म्हणाली, "अय्यो, डोळ्यात सुरमा घातलाय याच्या."

एका बोरीजवळून जाताना माझ्या पायाखालून तितर उठला. ज्यांनी हे कधी अनुभवलं नाही त्यांना सांगते, तो उडत नाही, फुटतो. मी जागच्या जागी थिजले. छातीत धडधड सुरू झाली आणि ती थांबेना. घाटीवरची ती भीती पुन्हा वर आली. नसीमनं माझा दंड धरला. आबा काठीवर रेलून उभे राहिले.

"थांब जरा," ते शांतपणे म्हणाले. "आमचंबी असंच व्हायचं. लई वर्षं बंदूक धरली, पण तितर उठला की छाती उडायचीच. न उडाली तर तो माणूस शिकारी न्हाई."

मी उभीच राहिले. धडधड हळूहळू कमी झाली. जशी कुणाचीही होते. नसीमनं बाटली दिली, मी पाणी प्यायले आणि चालू लागले. बोरीच्या काट्यानं बाहीला ओढ दिली तेव्हा मी फक्त बाही सोडवली.

माळाच्या उतारावर एक पाझर तलाव आहे. पाणी मागं सरलं होतं आणि कडेला चिखलाचा पट्टा उघडा पडला होता. आबांनी आम्हाला एका बांधाच्या आडोशाला बसवलं. "पखुर्ड्या इतंच येतात. ऊन जरा वर आलं की," ते म्हणाले. "मी इतंच बसायचो." बसायला त्यांना वेळ लागला. मी आणि नसीमनं दोन्ही बाजूंनी धरून त्यांना खाली टेकवलं. मी पाठीच्या पिशवीतून कालची तिळाची भाकरी काढली. तिघांत वाटून घेतली.

आवाज आधी आला. घशातल्या घशात कुणीतरी गुळणी केल्यासारखा, वरून, लांबून. मग ठिपके दिसले आणि बघता बघता पखुर्ड्यांचा थवा तलावावर आला. एक चक्कर मारली, दुसरी मारली. आबांनी माझ्या हातावर हात ठेवला. हलू नको, म्हणून. थवा चिखलाच्या कडेला उतरला आणि पाण्यापर्यंत तुरुतुरु चालत गेला. वाळूच्या रंगाचे पक्षी, कबुतराएवढे, पोटाशी गडद. भराभरा चोची बुडवून प्यायले. बाकीचे मागं सरले, पण एक नर पाण्यातच बसला. पिसं फुलवून, पोट पाण्यात घासत, पुन्हा पुन्हा.

"ते काय करून राहिलंय?" आबांनी कुजबुजत विचारलं.

"पोटाची पिसं भिजवतोय," मी सांगितलं. "पिल्लं लांब माळावर असतात, त्यांना चालून पाण्यापर्यंत येता येत नाही. हा भिजलेल्या पिसांतून पाणी नेतो. पिल्लं ती पिसं चोखतात."

आबांनी दुर्बीण मागितली. कशी धरायची ते मी दाखवलं. ती त्यांना जड जात होती म्हणून मी खालून आधार दिला. ते बघत राहिले. नर उठला, अंग झटकलं नाही, तसाच ओला उडाला. त्याच्यामागून सगळा थवा गेला. तलावावर फक्त लाटा राहिल्या.

आबांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही.

"इतक्या वर्षांत मी यांना पाणी पिताना बगितलंच न्हाई," ते म्हणाले. "उतरायच्या आदीच बार टाकायचो."

थोड्या वेळानं ते पुटपुटले, "अजून येतील. ऊन हाय अजून." आणि आम्ही तिघं तिथंच बसून राहिलो.